मागील इतिवृत्त वाचून कायम करणे

‘श्रीमती शुक्री धोडी यांनी वजनकाट्याबाबत अडचण मांडली. त्यांना योग्य ते मार्गदर्शन करण्यात आले,’ एवढं मी वाचलं आणि माझी जीभ अडकली. समोर सतरंजीवर एकतीस बायका बसलेल्या. शेजारच्या खुर्चीवर चुरीसाहेब, आमच्या संस्थेचे प्रमुख, चष्मा कपाळावर सरकवून पेपर चाळत होते. कुणाला काही खटकलं नाही. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं जातं तेव्हा ऐकायचं नसतं, हे सगळ्यांनाच ठाऊक. मी पुढची ओळ वाचली, त्याच्या पुढची वाचली, ‘अध्यक्षांचे आभार मानून सभा संपली’पर्यंत गेले आणि म्हणाले, कायम करावं का? बायका एका सुरात म्हणाल्या, कायम. झालं. नोव्हेंबर एक्क्याण्णवच्या त्या सकाळी, तलासरीच्या आमच्या कार्यालयात, शुक्री धोडी ऑक्टोबरच्या सभेला हजर होती आणि वजनकाट्याबद्दल बोलली हे एकतीस जणींनी कायम केलं. आणि आजच्या विषयपत्रिकेवर, माझ्याच अक्षरात, चौथा विषय असा होता: ऑगस्ट, सप्टेंबर व ऑक्टोबर अशा लागोपाठ तीन सभांना गैरहजर राहिल्याबद्दल श्रीमती शुक्री धोडी यांना बालवाडी शिक्षिका म्हणून कमी करणे.

अगं बाई, असं आतल्या आत म्हणाले. कपाळ माझं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शुक्री आली की तिने बाहेर ओसरीवर बाकावर थांबायचं होतं. चौथ्या विषयाला तिला आत बोलवून तिचं म्हणणं ऐकायचं होतं, पाच मिनिटं. म्हणजे पाच मिनिटं मीच लिहिली होती. विषय एक, दहा मिनिटं. विषय दोन, खाऊचं साहित्य, वीस. विषय तीन, तक्ते, पंधरा. विषय चार, शुक्री, पाच. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. देवजी शिपायाने ठरल्याप्रमाणे अकराच्या ठोक्याला दाराची कडी लावली होती आणि दाराशी स्टुलावर तो डुलक्या घेत होता.

आता इतिवृत्ताचं सांगते, कारण बाहेरच्या माणसाला ते चोरीसारखं वाटेल. आमच्याकडे, आणि मी पाहिलेल्या प्रत्येक कार्यालयात, इतिवृत्त सभेच्या आधीच लिहून ठेवायची पद्धत. मी मुख्यसेविका म्हणून लागले तेव्हा जुन्या बाईंनी मला हे कूकर लावायला शिकवावं तसं शिकवलं. आदल्या दुपारी नोंदवही घ्यायची, विषय लिहायचे, प्रत्येक विषयाखाली चर्चा लिहायची, ठराव लिहायचा. सभेच्या दिवशी बायका आल्या की आल्या-आल्या खाली सह्या घ्यायच्या. कारण सभा संपली की सगळ्यांना एसटी गाठायची घाई, मग कोण कुणाला सह्यांसाठी थांबवणार? आधी सही, मग सभा. आणि चर्चा लिहायची म्हणजे कुणीतरी बोलावं लागतं. नावं घालावी लागतात. हिरूने असं विचारलं, शितलने तसं सुचवलं. मी नावं फिरवून फिरवून घालायची, कुणाला वाटू नये की बाई आपल्याला विसरल्या. ऑक्टोबरला शुक्रीचं नाव माझ्या लेखणीतून आलं असणार ते असंच, सवयीनं. काट्याची अडचण ही शुक्रीचीच. झरीच्या पुढच्या पाड्यावर तिची बालवाडी, आणि तिथला काटा शून्यावर कधी येतच नाही, रिकामा असला तरी अर्धा किलो दाखवतो. पण ते ती जूनमध्ये बोलली होती. की ऑक्टोबरमध्ये? मला आठवेना. आणि खरं सांगायचं तर, मार्गदर्शन काय केलं होतं ते तर मुळीच आठवेना.

खाऊचं साहित्य, मी म्हणाले. दुसरा विषय. तांदळात खडे येतात का? सगळ्या गप्प. गप्प म्हणजे संमती, असं आम्हाला शिकवलं होतं. ठाण्याच्या प्रशिक्षणात, याच जुलैत, तीन दिवस. एका मोठ्या पडद्यावर चित्रं दाखवत होते. तिथल्या शिकवणाऱ्या बाई कडक इस्त्रीच्या साडीत, आणि त्यांच्या प्रत्येक वाक्यानंतर आपण काहीतरी लिहून घ्यावंसं वाटायचं. सभा ठरल्या वेळी सुरू करा, त्या म्हणाल्या. उशिरा येणाऱ्यांमुळे वेळेवर आलेल्यांना शिक्षा का? मला ते इतकं पटलं की मान डोलावून डोलावून माझी वेणी सुटायची वेळ आली. कारण माझ्या सभा म्हणजे तोवर बाजार होता. बायका दहापासून एकपर्यंत केव्हाही उगवायच्या. कुणी पोरगं घेऊन, कुणी सुकं बोंबील घेऊन, इथूनच पुढं बाजार करायचा म्हणून. चहावाला नविनभाई दारातून डोकावून विचारायचा, ‘बेन, चा मोकलूं?’ पाठव म्हटलं की चहा यायचा आणि त्या चहावर कुणाच्या नणंदेचं, कुणाच्या बकरीचं, कुणाच्या नवऱ्याचं निघायचं ते संपायचंच नाही. विषय राहायचे बाजूला. मी डहाणू रोडला घरी पोचेपर्यंत दिवेलागण, आणि ह्यांना, म्हणजे सुदर्शनना, रेल्वेच्या बुकिंग ऑफिसातून येऊन स्वतःच चहा टाकावा लागायचा. ‘काय ठरलं आज?’ ते विचारायचे. मी म्हणायची, काही नाही. ते म्हणायचे, ‘सहा तास बसून काही नाही? आमची गाडी अशी चालवली तर डहाणूहून निघालेली दिवाळीच्या सुटीत पोचेल.’ लागायचं मला ते.

मग ऑगस्टपासून कडी. अकरा म्हणजे अकरा. उशिरा येईल ती गैरहजर. तीनदा गैरहजर ती कमी. विषय सोडून बोलायचं नाही. फळ्यावर वरच्या कोपऱ्यात मी ते लिहूनच टाकलं, आणि आयत्या वेळचे विषय शेवटी, वेळ उरला तर. वेळ कधी उरला नाही. साडेबाराला सभा खलास. पहिल्या सभेनंतर चुरीसाहेब म्हणाले, ‘मनोरमाबाई, तुमची सभा म्हणजे घड्याळ हो!’ मी त्या दिवशी आशागडला बसमधून उतरून चिकू घेतले, लेकीला, रश्मीला आवडतात म्हणून, पण खरं तर स्वतःच्या कौतुकाचे. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं होतं. चाळिशीला आलेल्या बाईला कुणी बरं म्हणायची सवय राहिलेली नसते.

हिरू बोलली. तांदळात नाय खडे, पण तेल कमी येतं. मी म्हणाले, तेल या महिन्याच्या विषयात नाही. ती खाली बसली. बसताना तिने खिडकीकडे पाहिलं असं मला वाटलं. माझी खुर्ची खिडकीकडे पाठ करून. खिडकीला तोंड केलं की उजेड डोळ्यांवर येतो, वाचता येत नाही, म्हणून मी पहिल्यापासून तशी बसते. पाठीमागे पेंढ्याचा वास येत होता, कुणीतरी खळ्यावरून गाडी भरून नेली असणार. आणि त्या वासासरशी मला एकदम शुक्रीचा आवाज आठवला. ‘बाय,’ असा. नुसता ‘बाय’. मागून. मी मान वळवली नाही. केव्हा? मी आठवायला लागले आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. तिचा पदर ओला होता हे मला पक्कं आठवतंय. ओला म्हणजे पाऊस, पाऊस म्हणजे जून, म्हणजे जूनमध्ये ती खोलीत, समोर, काट्याबद्दल बोलत होती. पण पेंढ्याचा वास जूनमध्ये कुठून येणार? तो दिवाळीच्या आगेमागे. मग पदर घामाने ओला होता का? आणि जर तो आवाज पाठीमागून आला, तर पदर मी पाहिला कसा? मी दोन वेगळे दिवस एकात कालवले होते, भाकरीचं पीठ कालवावं तसे, आणि आता त्यातलं पाणी कुठलं नि पीठ कुठलं ते काढता येईना. सभा चालवणारी बाई ती सभा केव्हा झाली हे विसरते, याला काय म्हणायचं?

तक्ते, मी म्हणाले. तिसरा विषय. माझा आवाज मलाच ठाण्याच्या त्या बाईंसारखा वाटला. शितल, आमच्यातली सगळ्यात शिकलेली, दहावी पास, उठून तक्ते कसे भरायचे ते सांगायला लागली. मी नोंदवहीचं पान उलटलं. पुढच्या पानावर आजचं इतिवृत्त होतं. काल दुपारीच लिहिलेलं, खाली सकाळच्या एकतीस सह्या, काही सह्या, काही अंगठे. विषय चार: ‘सविस्तर चर्चेअंती श्रीमती शुक्री धोडी यांना कमी करण्याचे सर्वानुमते ठरले.’ मी ते शांतपणे लिहिलं होतं, काल, डबा खाल्ल्यावर. लिहिताना मला शुक्रीचा चेहरासुद्धा आठवला नव्हता. खरंच. विषयाला चेहरा नसतो. पाड्यावर तिच्याखेरीज शिकलेली बाई नाही. ती चौथी झालेली. ती गेली तर बालवाडी बंद, आणि शुक्रीचा नवरा चैत्या मजुरीला वापीला जातो तो केव्हा येईल केव्हा नाही, तिच्या घरात येणारं धड असं काय ते हे मानधन. हे सगळं मला माहीत होतं. मला माहीत होतं आणि तरी मी ‘सर्वानुमते’ लिहिलं. त्या शब्दावर मी आता बोट ठेवलं.

मी मनात जुळवाजुळव करायला लागले. म्हणावं की मागच्या इतिवृत्तात चुकून नाव पडलं? म्हणजे इतिवृत्त आधी लिहिते हे कबूल. चुरीसाहेबांना ते माहीत आहे, सगळ्यांना माहीत आहे, पण माहीत असणं वेगळं आणि सभेत बोलणं वेगळं. की म्हणावं, इतिवृत्त बरोबर, हजेरी चुकली? ती होती, ती बोलली, हे बघा लिहिलंय, आत्ताच तुम्ही कायम केलंत. मग दोनच गैरहजेऱ्या. मग शुक्री वाचली. एका खोट्याने दुसरं खोटं खोडायचं, आणि त्यातून एक बाई सुटते. वाईट काय त्यात? पण ते खोटं होतं का? तो ‘बाय’ म्हणणारा आवाज कुणाचा मग? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं होतं मला. आणि शितल तक्त्यांबद्दल काय सांगत होती त्यातलं अक्षर माझ्या कानात शिरलं नाही.

‘चला, चौथा,’ चुरीसाहेब म्हणाले. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. देवजीने कडी काढली. शुक्री आत आली. काळी, किरकोळ, केसांना तेल लावून घट्ट बांधलेले, पाय धुळीने पांढरे. ती सतरंजीवर बसली नाही. भिंतीला टेकूनही नाही. उभी.

‘काय गं, तीन सभांना का आली नाहीस?’ साहेबांनी विचारलं. ते वाईट माणूस नव्हेत. त्यांना आवाज मोठा करावा लागत नाही इतकंच.

‘आलती सायेब.’

‘आलीस? मग हजेरीत का नाही?’

‘दार बंद होतं.’

‘उशिरा आलीस म्हणून बंद होतं ना?’

‘पोरां जेवली नव्हती.’ तिने माझ्याकडे पाहिलं. ‘बायनीच पत्र दिलं हाय. सभेच्या दिवशी बालवाडी बंद ठेवायची नाय, खाऊ देऊन मगच निघायचं. खाऊ दहाला देतोव. मग पोरां घरा पोचवायची. मग मी चालत येते. दहाची एसटी तवर गेलेली असते.’

पत्र. हो. माझंच. सप्टेंबर नव्वदचं, जावक क्रमांकासकट. ठाण्याच्या आधीचं. दोन्ही कागद माझ्या सहीचे. एक म्हणतो दहाच्या आधी निघू नको, दुसरा म्हणतो अकराला पोच, आणि मधे सात किलोमीटर. हे मला दिसायला हवं होतं. माझ्याकडे टेबल होतं, कागद होता, तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. मला मेलीला लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

‘साहेब,’ मी उठून म्हणाले, ‘हजेरी लिहिताना माझी चूक झाली. ऑक्टोबरला शुक्री हजर होती. इतिवृत्तात आहे. आत्ताच कायम केलं आपण.’ आणि ती ओळ मी त्यांच्यापुढे धरली. साहेबांनी ओळ वाचली. मग शुक्रीला विचारलं, सहजच विचारलं, ‘काट्याबद्दल बोललीस तू, मागच्या सभेत?’

बोल हो, असं मी मनात म्हणत होते. एवढं एक हो म्हण, शुक्रे. नुसती मान हलव.

‘नाय सायेब,’ शुक्री म्हणाली. ‘काट्याचं मी पावसात बोललेली. गेल्या म्हैन्यात मी भायेरच होती. खिडकीशी. आल्यापासून पुढली सगळी सभा ऐकली तठूनच. तक्त्याचं काय सांगलं तां सगळं सांगते पायजे तर. एकदा हाकबी मारली, बाय म्हणून. बायनी बघितलं नाय.’

मला वाटलं, आता जमीन दुभंगली तरी चालेल. वाचवायला गेले ती बाई खोटं बोलायला तयार नव्हती, आणि तिने मला खोटं पाडलं ते रागाने नाही, तिला जे झालं ते सांगायचं होतं म्हणून. आणि तो आवाज खरा होता. मला ऐकू आला होता. त्या दिवशी बाराला दहा कमी होते, तिसरा विषय चालू होता, आणि मान वळवली असती तर दोन मिनिटं गेली असती.

‘ही खिडकीशी होती,’ मी समोर बघून विचारलं, ‘कुणी पाहिली होती का हिला?’

एकतीस जणी. कुणी सतरंजीचा दोरा ओढतेय, कुणी फळ्याकडे बघतेय. मग हिरू बसल्या जागी म्हणाली, ‘आम्ही आख्ख्यांनी बघितली बाय. आमची तोंडं तिकडंच तं होती. तीनी वेळेला.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘विषयात नव्हतं.’

ती टोमणा मारत होती असं मला आजही वाटत नाही. तिला खरंच तसं वाटलं होतं. आणि मग कुणास ठाऊक कसं, कुणाचाच पायपोस कुणाच्या पायात राहिला नाही. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एक म्हणे, आम्ही सभेच्या दिवशी बालवाडी उघडतच नाय. दुसरी म्हणे, खाऊ आदल्या दिवशीचाच लिहितोव. शितल, तक्त्यांवाली शितल, रडत म्हणाली की तिच्या त्या दिवसाच्या सगळ्या हजेऱ्या बसमध्ये भरलेल्या असतात. वेळेवर यायचं म्हणून. कडीची भीती म्हणून. म्हणजे ज्या वेळेवर येत होत्या त्या सगळ्या खोट्या, आणि जी एकटी खरं वागत होती ती बाहेर. साहेबांनी टेबलावर हात आपटला. एकदा, दोनदा. कुणी थांबलं नाही. कडी लागल्यापासून त्या खोलीत एवढा आवाज मी ऐकला नव्हता. मला आनंद झाला की भीती वाटली ते मला सांगता येत नाही. दोन्ही एकाच ठिकाणी, छातीच्या खाली, होतं.

शेवटी त्या आपोआप थांबल्या. साहेब घाम पुसत माझ्याकडे वळले. ‘मग काय ठरलं?’ ते म्हणाले. आणि मला कळलं की हा प्रश्न मला सभेत कुणी कधी विचारलाच नव्हता. सगळं आदल्या दुपारी ठरलेलं असायचं.

‘शुक्रीला काढायचं नाही,’ मी म्हणाले.

‘कुणी ठरवलं?’

मी उत्तर द्यायच्या आत हिरूने हात वर केला. मग शितलने, डोळे पुसतच. मग एकेक करत सगळ्यांनी. कडेच्या म्हाताऱ्या भिकीबाईने तर दोन्ही. साहेबांनी ते हात बघितले. मग त्यांनी माझ्यापुढची नोंदवही उचलली, बंद केली, काखेत मारली.

‘ठीक आहे. ती राहील. पण न झालेल्या सभेचं इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईचं काय करायचं, तो पुढच्या महिन्यात एक नंबरचा विषय. विषयपत्रिका तुम्हीच काढा, नेहमीप्रमाणे.’ ते गेले. आपण सगळेच तेच करत होतो, तुमच्याही सह्या आहेत साहेब, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आपलेच दात, आपलेच ओठ. आणि चूक माझी होती. कडी माझी होती.

बायका निघाल्या. कुणी माझ्याकडे बघितलं, कुणी बघायचं टाळलं. शुक्री मागे राहिली. तिचं काम राहिलं याचं तिला काही वाटलं की नाही, तिच्या तोंडावरून समजत नव्हतं. कदाचित ते जाणार होतं असं तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

‘बाय,’ ती म्हणाली. या वेळी मी पटकन वळले, इतकी की ती दचकली. ‘पुढल्या म्हैन्याला किती वाजता येव?’

पुढच्या महिन्यात ती खुर्ची माझी असेल का नाही, मला काही माहीत नव्हतं. अकरा, असं म्हणायची जिभेला सवय. पत्र दहाचं. एसटी दहाची. माझ्या डोक्यात हे सगळे आकडे एकमेकांवर आदळले आणि एकाचाही अर्थ लागेना.

‘पोरं जेवली की ये,’ मी म्हटलं. ‘तोवर आम्ही बसून राहू.’